दलाल नेमका कोणाचा? महारेराला एका सोसायटी सचिवाचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई

विषय: जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीतली दलाली आणि तिचा लेखी करार

महोदय,

ठाण्यातल्या एका जुन्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. बिल्डिंगमधला फ्लॅट विकला जातो तेव्हा त्याचे कागद माझ्याकडे येतात. साठेखताची, म्हणजे खरेदी-विक्रीच्या कराराची, प्रत, इंडेक्स टू हा नोंदणीचा उतारा, शेअर सर्टिफिकेट, ना हरकत दाखल्याचा अर्ज, थकबाकी नसल्याचं पत्र. घराच्या किमतीभोवती फिरणारा जवळपास प्रत्येक रुपया या कागदांत कुठे ना कुठे नोंदलेला असतो. दलालीचा रुपया तेवढा सापडत नाही.

समजा, नव्वद लाखांना टू बीएचके विकला गेला. ठाण्यात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे ६ लाख ३० हजार. त्याचं चलन निघतं. नोंदणी फी एक टक्का असली तरी सरकारनं तिला ३० हजारांची कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे ३० हजार. त्याची पावती मिळते. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असली की घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या पैशांतून एक टक्का कापून आयकर खात्यात भरायचा असतो, इथे ९० हजार. त्याचं प्रमाणपत्र विकणाऱ्याला द्यावं लागतं, नाही दिलं तर तो फोन करून भंडावून सोडतो. आमच्या संस्थेला हस्तांतर अधिमूल्य म्हणून जास्तीत जास्त २५ हजार घेता येतात. ९ ऑगस्ट २००१ च्या शासन परिपत्रकानं ती मर्यादा घातली, आणि एक रुपया जास्त मागितला तर सभासद उपनिबंधकांकडे जाऊ शकतो.

आता दलाली. घेणाऱ्याकडून दोन टक्के, विकणाऱ्याकडून दोन टक्के. कुठे एकच टक्का, कुठे एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दीड. दोन्हीकडून पूर्ण दोन टक्के धरले तर ३ लाख ६० हजार, म्हणजे सरकारच्या नोंदणी फीच्या बारापट. बहुतेक वेळा या रकमेचा करार नसतो, पावती नसते, बिल मागितलं तर ‘मग अठरा टक्के जीएसटी लागेल हां’ असं बजावलं जातं, आणि एवढं ऐकल्यावर बिल कोणी मागत नाही. विकणाऱ्याला हे नंतर भोवतं. भांडवली नफा काढताना दलालीचा खर्च विक्रीच्या रकमेतून वजा करता येतो, पण त्याला पुरावा लागतो. सीएनं कागद मागितला की मंडळी माझ्याकडे येतात, ‘तुमच्याकडे काही नोंद असेल का?’ म्हणून. माझ्याकडे कुठून असणार?

तरीही हे पत्र मी दराबद्दल लिहीत नाही. दोन टक्के जास्त की कमी हा वाद ज्याचा त्यानं घालावा. माझी तक्रार त्याच्या आधीच्या गोष्टीबद्दल आहे. ज्याला आपण दोन टक्के देतो, तो माणूस या व्यवहारात कोणाच्या बाजूनं आहे, हे पैसे देणाऱ्या दोघांनाही माहीत नसतं. आणि ते सांगण्याची सक्ती करणारा नियम आपल्याकडे अर्धाच झाला आहे.

अर्धा का म्हणतो ते सांगतो. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम २ मध्ये दलालाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की त्यातून सुटायला जागा नाही. मोबदला घेऊन दोन माणसांची गाठ घालून देणारा, कोणत्याही माध्यमातून, कोणत्याही नावानं, प्रत्येक जण त्यात येतो. मात्र कलम ९ वाचलं की कळतं, नोंदणीची सक्ती फक्त नोंदणीकृत प्रकल्पात, प्रवर्तक, म्हणजे बिल्डर, जे घर विकतो त्याच्या व्यवहारापुरती आहे. बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना मध्ये असलेला एजंट आपल्या कक्षेत. तोच एजंट दुसऱ्या दिवशी आमच्या तिसऱ्या मजल्यावरचा पंचवीस वर्षांचा फ्लॅट विकून देतो, तेव्हा तो आपल्या कक्षेबाहेर. दुकानाच्या पाटीवर मात्र महारेराचा नोंदणी क्रमांक चोवीस तास झळकत असतो. आमचे सभासद तो क्रमांक बघतात, सरकारमान्य माणूस आहे असं समजून निर्धास्त होतात, आणि काही बिनसलं की आपल्या संकेतस्थळावर तक्रारीचा अर्ज शोधत बसतात. हा विश्वास आपल्या नावावर उभा आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

नव्या घरांचा मामला वेगळा आहे आणि तो थोडक्यात आटोपतो. तिथे दलाली बिल्डर देतो. एजंटला चॅनेल पार्टनर किंवा नुसतं सीपी म्हणतात. ग्राहकाला सांगितलं जातं, ‘तुमच्याकडून एक रुपया नाही घेत आम्ही.’ तो रुपया फ्लॅटच्या किमतीत आधीच मिसळलेला असतो, हे तेवढं सांगायचं राहतं. जास्त फ्लॅट विकले की टक्का चढत जातो, त्याला स्लॅब म्हणतात. माल अडकला की बिल्डर टक्का वाढवतो, सणासुदीला वर सोन्याचं नाणं किंवा परदेशी सहल. मग ‘सर, तुमच्या बजेटमध्ये हाच प्रोजेक्ट बेस्ट’ हे वाक्य कोणाच्या बजेटकडे बघून म्हटलं जातं, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. जाणती गिऱ्हाइकं एजंटलाच त्याच्या दलालीतला हिस्सा मागतात आणि कित्येकदा मिळवतातही. काही असो, तिथे निदान आपलं दार आहे. कलम १० प्रमाणे एजंटनं हिशेब ठेवायचा असतो, बुकिंगच्या वेळी सगळी माहिती आणि कागद ग्राहकाच्या हाती पडतील हे पाहायचं असतं, खोटी आश्वासनं द्यायची नसतात. नाही पाळलं तर कलम ६२ खाली दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड, घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. जुन्या घराच्या व्यवहारात यातलं काहीच नाही.

तिथे काय चालतं, ते जरा सविस्तर लिहितो, कारण बीकेसीतल्या कार्यालयातून ते दिसेलच असं नाही.

विकणारा आपला फ्लॅट तीन-चार एजंटांना सांगून ठेवतो. एकाकडे चावी देतो, कारण तो जवळ राहतो. घेणारा दुसऱ्याच एजंटकडून येतो. आता दोन एजंट झाले. सरळ व्यवहार असेल तर ज्याचं गिऱ्हाईक त्याची दलाली त्यानं घ्यायची, याला बाजारात ‘साइड बाय साइड’ म्हणतात. ही रीत मला तरी स्वच्छ वाटते. पण चावीवाल्याला स्वतःचंच गिऱ्हाईक मिळालं तर दोन्ही बाजूंचे पैसे त्याचे एकट्याचे. म्हणून दुसऱ्या एजंटचा फोन आला की उत्तर मिळतं, ‘त्या फ्लॅटचं टोकन झालंय.’ टोकन झालेलं नसतं. विकणाऱ्याला वाटतं, बाजार थंड आहे, चौकशीच येत नाही. येते, पण ती चावीपाशी अडते. तीन महिन्यांनी कंटाळून तो चार लाख कमी करतो, आणि मग चावीवाल्याचंच गिऱ्हाईक उभं राहतं.

हे प्रत्येक एजंट करतो असं मी म्हणत नाही. पण करायचं ठरवलं तर अडवणारं काही नाही, आणि करण्यात फायदा आहे.

दोन्हीकडून पैसे घेणाऱ्या एजंटचं गणित मांडून पाहा. विकणाऱ्याला हवेत ९२ लाख, घेणारा ८९ वर अडलाय. तीन लाखांचा फरक. विकणाऱ्यासाठी ते त्याच्या मुलाच्या शिक्षणाचे पैसे, घेणाऱ्यासाठी काही वर्षांचा वाढीव हप्ता. एजंटसाठी तीन लाखांवरचे दोन्ही बाजूंचे मिळून चार टक्के, म्हणजे बारा हजार. व्यवहार मोडला तर मात्र त्याचे साडेतीन लाखांहून जास्त जातात. मग मीटिंगमध्ये ‘टेबलवर बोलून घेऊ’ म्हणताना तो कोणासाठी बोलणार? त्याचा सगळा जीव व्यवहार आजच्या आज जुळण्यात असतो. विकणाऱ्याला बाहेर गॅलरीत नेऊन तो सांगतो, ‘काका, मार्केट पडतंय, आज हो म्हणा.’ घेणाऱ्याला जिन्यात सांगतो, ‘उद्या दुसरी पार्टी येतेय, दोन लाख वाढवा.’ दोघांनाही वाटतं, हा माझा माणूस. तो ना याचा असतो, ना त्याचा. तो डीलचा असतो.

कायद्याला ही गोष्ट नवी नाही. भारतीय करार अधिनियम १८७२ सालचा आहे, आणि त्यात प्रतिनिधीवर, म्हणजे एजंटवर, स्वतंत्र प्रकरण आहे. कलम २१९ म्हणतं, वेगळा करार नसेल तर काम पुरं होईपर्यंत एजंटचा मोबदला देय होत नाही. कलम २२० म्हणतं, ज्या कामात त्यानं गैरवर्तन केलं, त्याचा मोबदला त्याला मागता येत नाही. कलम २१६ तर फारच उपयोगाचं आहे: एजंटनं धन्याच्या, म्हणजे ज्यानं त्याला नेमलं त्याच्या, नकळत त्या व्यवहारात स्वतःच्या खात्यावर काही कमावलं, तर ती कमाई धनी मागू शकतो. दीडशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यांनी आमच्या जिन्यातलं संभाषण जणू ऐकलं होतं.

अडचण एवढीच की ही कलमं वापरायला आधी धनी कोण हे ठरावं लागतं. कागदच नाही, तर एजंट कोणाचा हे सिद्ध कसं करायचं? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते, पण तिथेही हातात काय असतं? व्हॉट्सॲपवर आलेले फ्लॅटचे फोटो आणि ‘सर संडेला येताय ना?’

दलाली द्यायची कधी, यावरही भांडणं होतात. रिवाज असा की साठेखत नोंदवलं की अर्धी, ताबा मिळाला की उरलेली. पुष्कळ ठिकाणी साठेखताच्या दिवशी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाबाहेरच सगळी मागतात. आमच्याकडे असं झालंय की साठेखत झालं, दलाली दिली, आणि नंतर घेणाऱ्याच्या बँकेनं कर्ज नाकारलं, कारण मूळ बिल्डरनं पहिल्या मालकाला दिलेला करार सापडेना. व्यवहार मोडला. टोकन परत मिळालं, दलाली नाही. ‘माझं काम मी केलं,’ असं एजंटचं म्हणणं. करार असता तर काम कशाला म्हणायचं, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि हे म्हणणं खरं की खोटं ते पाच मिनिटांत कळलं असतं.

आणखी एक प्रकार आहे, तो शहरात कमी आणि कोकणातल्या प्लॉटांमध्ये, परदेशात राहणाऱ्या मालकांच्या घरांमध्ये जास्त. एजंट मालकाला विचारतो, ‘तुम्हाला नेट किती हवेत? वरचे माझे.’ मालक एक आकडा सांगतो आणि मोकळा होतो. वरचे किती, ते त्याला कधीच कळत नाही. रोख रक्कम मध्ये असली की ते कळण्याची सोयही राहत नाही. मालकानं स्वतःहून कबूल केलं असेल तर कायद्यानं त्यात हात घालायला फारशी जागा उरत नाही, हे मला समजतं. पण कबूल करताना त्याच्यासमोर तो आकडा नव्हता.

भाड्याच्या घरांचं मी इथे काढत नाही. अकरा महिन्यांच्या करारामागे भाडेकरूकडून एक महिन्याचं भाडं, बऱ्याचदा मालकाकडूनही एक, आणि नूतनीकरणाला पुन्हा हात पुढे. तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.

आता एजंटांच्या बाजूचं. ते लिहिलं नाही तर हे पत्र लबाड होईल. जुन्या ठाण्यातला फ्लॅट विकणं सोपं काम नाही. ऐंशीच्या दशकातली बिल्डिंग, कन्व्हेयन्स, म्हणजे जमिनीचं संस्थेच्या नावावर हस्तांतर, झालेलं नाही, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही, मधल्या एका मालकानं मुद्रांक कमी भरलेला, शेअर सर्टिफिकेटवर मृत माणसाचं नाव आणि वारस तिघे, त्यातला एक दुबईत. चांगला एजंट ही साखळी जोडून देतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुद्रांक शुल्काची अभय योजना आली, तेव्हा आमच्याकडच्या काही जुन्या करारांचं कमी भरलेलं शुल्क भरून ते नियमित करून घ्यायला एका एजंटनं जी धावपळ केली, ती एखाद्या वकिलानंही केली नसती. रविवारी दुपारी, उन्हात, सहाव्यांदा फ्लॅट दाखवायला येणारा तोच असतो. आणि एवढं करून त्याला कट केलं जातं. घेणारा-विकणारा एकमेकांचे नंबर घेतात, महिनाभर गप्प बसतात आणि परस्पर साठेखत करून मोकळे होतात. मला पेढे देतात, एजंटला नाही. असा बुडवला गेलेला एजंट पुढच्या गिऱ्हाइकाला मालकाचं नावसुद्धा सांगत नाही, आणि दोघांनी भेटू नये यासाठी सगळी शक्ती खर्च करतो. व्यवहारातला निम्मा लपवाछपवीचा खेळ इथून सुरू होतो. त्यालाही सांगायला कागद नसतो. म्हणून लेखी करार हवा, असं म्हणणारे काही एजंट मला भेटले आहेत, आणि ते माझ्याहून जास्त चिडलेले होते.

अमेरिकेत या प्रश्नावर गेल्या काही वर्षांत मोठं महाभारत झालं. तिथे विकणारा आपल्या एजंटला दलाली द्यायचा, पाच-सहा टक्के नेहमीचे, आणि त्यातूनच घेणाऱ्याच्या एजंटचा वाटा निघायचा. तो वाटा किती, हे एजंटांच्या सामाईक यादीत घरासोबत आधीच लिहिलेलं असायचं. घेणाऱ्याला वाटायचं, आपला एजंट फुकट आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटी इथल्या ज्यूरीनं या पद्धतीविरुद्ध निकाल दिला आणि सुमारे १.८ अब्ज डॉलरची भरपाई ठरवली. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेनं ४१ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथे यादीत घेणाऱ्याच्या एजंटचा वाटा छापता येत नाही, आणि घर दाखवायला नेण्याआधी एजंटनं घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो. त्यात मोबदला किती, हे स्पष्ट आकड्यात. त्यानं तिथली दलाली कितपत उतरली, यावर तिथेच वाद चालू आहेत. मला त्या वादात पडायचं नाही. मला त्यातला एकच तुकडा हवा आहे: आधी कागद, मग घर. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानं एजंटला आपली फी करार होण्याआधीच गिऱ्हाइकाला सांगावी लागते. इतकं लांबही जायला नको, हरियाणानं २००८ साली प्रॉपर्टी डीलरांच्या परवान्यासाठी स्वतंत्र कायदा केला. म्हणजे रेरा, हा २०१६ चा कायदा, येण्याच्याही आधी.

आपण म्हणाल, पुनर्विक्री आमच्या अधिकारात नाही, कायदा संसदेचा आहे. मान्य. पण आपल्या हातात जे आहे, ते कमी नाही. जानेवारी २०२३ च्या आदेशानं आपण एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. प्रमाणपत्र न घेणाऱ्या हजारो एजंटांची नोंदणी २०२४ मध्ये स्थगितही केली. त्या वेळी किती आरडाओरडा झाला होता! तरी आपण ते रेटलंत आणि ते झालं. त्याच अभ्यासक्रमात पुनर्विक्रीच्या दलालीवर एक धडा घाला: दोन्हीकडून पैसे घेत असाल तर दोघांना आधी लेखी सांगा, आलेली प्रत्येक ऑफर मालकापर्यंत पोचवा, टोकन स्वतःच्या खात्यात घेऊ नका. ज्याला आपला नोंदणी क्रमांक पाटीवर लावायचा आहे, त्यानं तो कोणत्या व्यवहारांना लागू आहे हे त्याच पाटीवर लिहावं, असं सांगायला तर कायदा बदलावा लागणार नाही. पुनर्विक्रीच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक छापणं म्हणजे नसलेल्या छत्राची जाहिरात आहे, आणि ते छत्र आपल्या नावाचं आहे.

कलम ३२ खाली आपण सरकारला शिफारस करू शकता. कलम ९ मधले ‘प्रवर्तकाकडून विकल्या जाणाऱ्या’ अशा अर्थाचे शब्द जोवर तिथे आहेत, तोवर जुनं घर घेणारा माणूस उघड्यावर आहे, हे केंद्राला कळवा. ते होईल तेव्हा होईल. तोवर सलोखा मंचासारखी एखादी व्यवस्था दलालीच्या वादांसाठी, एजंटांच्या संघटनांच्या संमतीनं, सुरू करता येते का, हे पाहावं. बिल्डर आणि ग्राहक यांच्यासाठी २०१८ पासून आपण तसा मंच चालवलाच आहे. दोन लाखांच्या वादासाठी कोणी वकील लावत नाही, पण एका टेबलावर बसायला बहुतेक लोक तयार होतात.

दलालीला कमाल मर्यादा घाला, अशीही मागणी होते. माझ्या मते ती सध्या नको. मर्यादा घातली की तोच सरकारी दर होऊन बसतो. जो एक टक्क्यात काम करायचा तोही ‘गव्हर्नमेंट रेट’ म्हणून वरचा आकडा सांगू लागतो, आणि उरलेलं रोखीत जातं. सोसायट्यांच्या २५ हजारांच्या मर्यादेचं हेच झालं. आज बहुतेक संस्था सरसकट २५ हजारच घेतात, आणि काही जण देणगीच्या नावाखाली वरचेही घेतात. मी सचिव आहे, मला माहीत असायचंच.

मला हवी आहे ती एक पानी गोष्ट. नमुना आपण काढावा, सक्ती करता येत नसेल तर आपल्या नोंदणीकृत एजंटांना तो वापरण्याची सूचना करावी, आणि संकेतस्थळावर मराठीत ठेवावा, म्हणजे आमच्यासारखे सचिव तो छापून नोटीस बोर्डावर लावतील. कच्चा मसुदा खाली देतो. आपल्या विधी अधिकाऱ्यांनी तो हवा तसा खोडावा.

‘मी, घराचा मालक / घर घेऊ इच्छिणारा (लागू नसेल ते खोडावे), या एजंटला माझ्या वतीनं काम करण्यासाठी या तारखेपासून या तारखेपर्यंत नेमत आहे. या मुदतीत मी दुसरा एजंट नेमू शकतो / शकत नाही. एजंटचा मोबदला रुपये ……, वर जीएसटी लागू असल्यास रुपये ……. तो साठेखताची नोंदणी झाल्यावर इतका आणि ताबा दिल्यावर इतका द्यायचा. माझ्या चुकीशिवाय व्यवहार मोडल्यास दिलेला मोबदला इतक्या दिवसांत परत मिळेल. एजंट या व्यवहारात समोरच्या पक्षाकडूनही मोबदला घेणार आहे / नाही. घेणार असल्यास रुपये ……. माझ्यासाठी आलेली प्रत्येक ऑफर एजंट मला लेखी कळवेल. एजंटनं ओळख करून दिलेल्या व्यक्तीशी मुदत संपल्यानंतर सहा महिन्यांच्या आत मी परस्पर व्यवहार केल्यास ठरलेला मोबदला देणं मला बंधनकारक राहील.’

शेवटचं कलम एजंटांसाठी आहे. त्यावर गिऱ्हाइकं कुरकुर करतील, करू देत. मोबदल्याच्या जागी टक्का न लिहिता रुपये लिहावेत, हा माझा आग्रह आहे. ‘दोन टक्के’ ऐकताना माणूस मान डोलावतो, ‘एक लाख ऐंशी हजार’ वाचताना तो चष्मा लावतो.

समोरच्या पक्षाच्या मोबदल्याचं वाक्य वगळा, असा दबाव आपल्यावर सर्वांत जास्त येईल. बाकी काहीही खोडलंत तरी चालेल, ते वाक्य ठेवा.

आपला,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव, ठाणे

प्रत माहितीसाठी:
१. अपर मुख्य सचिव, गृहनिर्माण विभाग, मंत्रालय, मुंबई
२. नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक, पुणे. साठेखतात दलाल असल्यास त्याचं नाव आणि दोन्ही बाजूंनी दिलेला मोबदला लिहिण्यासाठी एक रकाना ठेवता येईल का, याचा विचार व्हावा.
३. ठाणे शहरातल्या इस्टेट एजंटांच्या सर्व संघटना. मसुद्यातलं शेवटचं कलम आधी वाचावं, मग बाकीच्यांवर हरकती घ्याव्यात.